धोट्याची साक्ष

आमच्या दवाखान्यात लोक टीबी निघावा म्हणून देवाला हात जोडतात. बाहेरून आलेल्या माणसाला हे ऐकून चमत्कारिक वाटतं. मी लॅबमध्ये एकवीस वर्षं काढली आहेत, मला आता त्यात काही वाटत नाही.

आमच्याकडची पद्धत अशी. छातीत पाणी झालेला पेशंट आला की वॉर्डात डॉक्टर त्याच्या पाठीत सुई घालून पाणी काढतात. त्यातलं थोडं प्लॅस्टिकच्या बाटलीत भरतात, बाटली नातेवाइकाच्या हातात देतात आणि म्हणतात, "खाली लॅबमध्ये पोचवा." या कामाला शिपाई नेमलेला आहे, पण तो नेमका कुठे असतो हे कुणालाच सांगता येत नाही. मग बायको, आई, भाऊ, जो कोण असेल तो, बाटली दोन्ही हातांत धरून एक जिना आणि एक लांब व्हरांडा चालत माझ्या खिडकीशी येतो. तेवढ्या वाटेत प्रत्येकाचं मागणं ठरून जातं. "ताई, टीबीच निघू दे."

कारण छातीत असं पाणी झालं की मुख्य संशयित दोन. टीबी असला तर सहा महिने गोळ्या खायच्या आणि पुन्हा कामावर जायचं. दुसऱ्याचं नाव कुणी घेत नाही. मीही खिडकीत बसून कधी घेतलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी बाटली घेऊन आमच्या त्रिशला वहिनी आल्या. बाटली त्यांनी पदराखाली धरली होती, थंडी लागेल म्हणून की काय कोण जाणे.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "टीबीच असंल न्हवं?"

"असेल, वहिनी. बसा तुम्ही," मी म्हटलं.

बाटलीवर नाव होतं भूपाल. माझा थोरला भाऊ, वय अठ्ठावन्न. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर सोळाव्या वर्षी विणकर म्हणून लागला आणि पुढे जॉबर झाला. जॉबर म्हणजे मागांचा मिस्त्री. माग बिघडला की मालक आधी दादाला बोलवायचा, मग देवाला. वडील लवकर गेले, त्यामुळे मला शिकवलं ते दादानंच. मी लॅबचा कोर्स केला त्या दोन वर्षांत तो दोन-दोन पाळ्या करत होता. एवढं मी कुणाला सहसा सांगत नाही, पण पुढचं कळायला ते लागेल.

बाटली उजेडात धरली. पाणी पिवळं होतं आणि तळाशी किंचित तांबूस झाक होती. सुई शिरेला लागली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या कुणाची बाटली असती तर मी असं सांगितलं नसतं.

आता आमच्या पंचाविषयी सांगायला हवं.

छातीतलं पाणी म्हणजे जंतूंचं डबकं नव्हे. टीबीच्या पाण्यात टीबीचे जंतू इतके थोडे असतात की दुर्बिणीखाली सापडत नाहीत, आणि वाढवून बघायचे तर महिना-दीड महिना जातो. पाणी साठतं ते शरीराच्या रागामुळे. छातीच्या अस्तरात शत्रू दिसला की रक्तातल्या लढाऊ पेशी तिथं धावतात, रसायनं सोडतात, अस्तर सुजतं आणि पाझरतं. कॅन्सरमध्येही पाणी पाझरतं आणि पुष्कळदा त्याच जातीच्या पेशी तिथं जमतात. त्यामुळे वरवर बघून पाणी कशाचं ते ओळखणं कठीण. पूर्वी आमच्या तालुक्यात सरळ टीबीच्या गोळ्या सुरू करायचे. चार महिन्यांनी फरक पडला नाही की मग दुसऱ्याचा विचार व्हायचा, आणि तोवर दुसरा घरभर पसरलेला असायचा.

२०३१ साली हे यंत्र आलं. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव आहे, आम्ही सगळे पंच म्हणतो, कारण तो निकाल देतो आणि त्यावर अपील नसतं. मिक्सरपेक्षा थोडी मोठी पांढरी पेटी. ती जे करते त्याला मी ओळखपरेड म्हणते. पाण्यातल्या लढाऊ पेशी वेगळ्या करून ती चोवीस बारीक खणांत वाटते. काही खणांत टीबीच्या जंतूचे प्रथिनांचे तुकडे ठेवलेले असतात, काही खणांत कॅन्सरच्या पेशींचे. ज्या पेशीला ओळखीचा चेहरा दिसतो ती इंटरफेरॉनसारखी रसायनं सोडते, म्हणजे आपल्या भाषेत ओरडते. कुठल्या खणात ओरडा जास्त, ते पंच मोजतो. चाळीस मिनिटांत निकाल. टीबी किंवा कॅन्सर, आणि शेजारी खात्रीचा आकडा.

शिवाय तो शिकतो. निकाल दिलेल्या पेशंटचं पुढे काय झालं हे आम्ही त्याला कळवायचं, त्यावरून तो तालुक्यागणिक स्वतःला सुधारून घेतो.

पंचाला मी नावं ठेवत नाही. त्यानं पहिल्या दोन वर्षांत आमच्याकडचे चाळीसेक कॅन्सर वेळेवर पकडले, जे आमच्या हातून नक्की निसटले असते. पण तो आला आणि आमच्या देशिंगे मॅडम निवृत्त झाल्या. त्या पॅथॉलॉजिस्ट, दुर्बिणीखाली पेशी बघून निदान लिहिणाऱ्या. त्यांची जागा भरली नाही. यंत्र असताना डॉक्टर कशाला, असं वरून आलं. दुर्बिणीवर निळं कापड घातलं गेलं.

दादाचं पाणी पेटीत घालून मी वहिनींशेजारी बाकावर येऊन बसले. चाळीस मिनिटं होती.

"लई वाळल्यात," वहिनी म्हणाल्या. "जिना चढताना दोनदा बसत्यात. पर कामावर जायाचं सोडंनात. म्हनत्यात, मागाचं माझ्याबिगर कुनाला कळत न्हाई."

"त्याचं नेहमीचंच आहे."

"टीबी असंल. शेडात कितीजनांना झाला. एकाचं धोटं दुसऱ्यानं तोंडाला लावायचं म्हंजे व्हनारच की."

वहिनी म्हणत होत्या ते खरं होतं. जुन्या मागावर आडवं सूत धोट्यातून जातं. कांडीवरचं सूत संपलं की धोट्यात नवी कांडी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. त्यासाठी तारेचा आकडा मिळतो, पण आकड्यात वेळ जातो. म्हणून विणकर भोकाला तोंड लावून श्वास आत ओढतो आणि टोक फटकन ओठांशी येतं. एका पाळीत शे-दोनशे वेळा. तोच धोटा पुढच्या पाळीचा विणकर तोंडाला लावतो. दादानं सोळाव्या वर्षापासून हे केलं. नवे माग आले तेव्हा धोटे गेले, पण दादाच्या शेडात जुने माग होतेच आणि ते दुरुस्त करून बघायचे म्हणजे धोटा ओढूनच बघायचे. लहानपणी मी त्याच्या डब्याबरोबर शेडात जायची, तेव्हा तो मला टोक ओढून दाखवायचा आणि ओठांवरचा कापूस पुसून हसायचा.

पंचानं टिंग वाजवली. टीबी. खात्री चौऱ्याण्णव.

वहिनींनी दोन्ही हात तोंडावर दाबले आणि रडल्या. मग तशाच बाहेर गेल्या आणि पाव किलो पेढे घेऊन आल्या. मला दिला, खिडकीतल्या इतरांना दिला, आणि एक पेढा कागदावर ठेवून पंचापुढे ठेवला. आमच्याकडे खंडेनवमीला मागाची पूजा करतात, तोच हात. मी हसले. मलाही सुटल्यासारखं वाटत होतं.

मग मी एक गोष्ट केली, जी मला कुणी सांगितली नव्हती. बाटलीत चार थेंब उरले होते. उरलेलं पाणी ओतून टाकायचा नियम आहे. पण देशिंगे मॅडमनी मला लावलेली सवय हाताला होती. मी काच घेतली, थेंब पसरला, रंग दिला, दुर्बिणीवरचं कापड काढलं आणि बघितलं.

लढाऊ पेशी खूप होत्या, त्या असायच्याच. पण मध्ये मध्ये मोठ्या पेशींचे गोळे होते. गोल, गुळगुळीत कडांचे, एकमेकींना घट्ट धरून बसलेले. मॅडम अशा गोळ्यांवर बोट ठेवून गप्प बसायच्या आणि मग उजव्या हातानं निदान लिहायच्या.

सुजलेल्या अस्तराच्या पेशीसुद्धा कधी कधी अशा दिसतात. मी ते आठवलं. तंत्रज्ञानं निदान लिहू नये हा नियम आठवला. चौऱ्याण्णव आठवलं. सगळं आठवून झाल्यावर मी काचेवर नंबर घातला, ती डबीत ठेवली आणि दुर्बिणीवर कापड घातलं. मला टीबी हवा होता. खिडकीशी येणाऱ्या कुणाही बाईइतकाच हवा होता.

दादानं गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते. "पद्मे," तो मला फोनवर म्हणाला, "रंगखात्यात नोकरी लागलीय मला." एकही गोळी त्यानं चुकवली नाही. रिकाम्या पट्ट्या टाकायच्या नाहीत, असं गोळ्या देणाऱ्या टीबीच्या बाईंनी सांगितलं होतं. तो त्या एकावर एक रचून सुतानं बांधून ठेवायचा, कांड्यांचं बोचकं बांधतात तशा.

सहा आठवड्यांनी मी त्याच्या घरी गेले, तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. झोपला की श्वास लागायचा. वजन आणखी चार किलोनं उतरलं होतं. मी पाठीला कान लावला. उजवीकडे खालपासून वरपर्यंत काही ऐकू येत नव्हतं. पाणी पुन्हा भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ती काच घेऊन डॉक्टर कुरण्यांकडे गेले. छातीचे डॉक्टर, तिशीच्या आतले, सरळ माणूस. त्यांनी दुर्बिणीत बराच वेळ बघितलं.

"पद्माताई, ही काच कधीची?"

"पहिल्या दिवसाची."

त्यांनी काचेवरचा नंबर पुन्हा वाचला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मी पॅथॉलॉजिस्ट नाही," ते शेवटी म्हणाले. "पण मला हे आवडत नाही."

त्यांनी संगणकावर दादाचा नंबर घातला आणि कॅन्सर केंद्राकडे पाठवायचं पान उघडायला घेतलं. पान उघडलंच नाही. तिथं पंचाचं पत्र लागतं आणि पंचाचं पत्र टीबीचं होतं. 'निदान निश्चित आहे' एवढंच येत राहिलं. फेरतपासणीला दोन महिने पूर्ण हवेत. त्यांनी जिल्ह्याला फोन लावला. पलीकडच्या माणसानं नम्रपणे सांगितलं की चौऱ्याण्णव टक्के असताना काचेवरून शंका घेणं बरोबर नाही, आणि काच कुणी वाचली हेही विचारलं.

मग कुरण्यांनी नियम मोडला. पुन्हा पाणी काढलं आणि ते स्वतः बाटली घेऊन खाली आले. या वेळी पाणी चांगलंच लाल होतं. आम्ही यंत्र तपासायला ठेवलेला खणांचा राखीव संच वापरला, नाव न घालता. चाळीस मिनिटं दोघं पेटीसमोर उभे राहिलो.

टीबी. पंच्याण्णव.

"साक्षीदार तोच, प्रश्न तोच," डॉक्टर म्हणाले. "उत्तर दुसरं कसं येणार?"

शेवटी आम्ही दादाला मिरजेला खाजगीत नेलं. दादा नको म्हणत होता. यंत्रावर त्याचा विश्वास. तिथं छातीच्या अस्तराचा तुकडा काढून तपासला. निकाल यायला बारा दिवस लागले. फुफ्फुसाचा कॅन्सर, अस्तरभर पसरलेला. तिथल्या वयस्क डॉक्टरांनी मला बाजूला बोलवलं. या जातीवर गोळी आहे, म्हणाले, पुष्कळ वर्षं देते कधी कधी. पण अंगात थोडी ताकद हवी, लिव्हर धड हवं. टीबीच्या गोळ्यांनी लिव्हर दुखावलंय. दोन महिने आधी आला असतात तर.

मी मान हलवली. दोन महिने आधी ती काच माझ्या डबीत होती. हे त्यांना सांगायची गरज नव्हती आणि दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नव्हता. पण दादाला सांगितल्याशिवाय मला राहवेना.

तो गॅलरीत उन्हाला बसला होता. मी सगळं सांगितलं. पंचाची ओळखपरेड, काच, गोळे, निळं कापड.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्या पंचाचं सेटिंग कुठल्या सुतावर केलंय?"

"म्हणजे?"

"माग लावताना कुठलं तरी सूत घालूनच सेटिंग करत्यात. त्येला शिकवताना कुनाकुनाच्या छातीतलं पानी घातलं?"

"मोठ्या शहरातल्या दवाखान्यांतलं. काही परदेशातलं."

"त्यात धोटा ओढलेला एक तरी हुता का?"

"ते विचारतच नाहीत," मी म्हटलं. फॉर्मवर विडी, सिगारेट, कोळसा, सिमेंट, सगळं विचारलेलं असतं. धोटा नसतो.

"मग बरोबर हाय," दादा म्हणाला. "माझ्या छातीत शेडातल्या सगळ्यांची थुकी गेलीया. चाळीस वर्षं टीबीचं तोंड बघितल्यालं हाय माझ्या आतल्या शिपायांनी. त्येंच्यापुढं त्येला हुबा केला तर ते वळखनारच, ओरडनारच. पर वळखीचा हाय म्हनून चोरी त्येनंच केली असं कुठं हाय? आनि ह्यो दुसरा घरातलाच. त्येला बघून कोन ओरडतंय?"

कॅन्सरची पेशी आपल्याच शरीराची असते, म्हणून लढाऊ पेशी तिच्यावर गप्प राहतात, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. दादा सातवी शिकलेला. पंचाची चूक मोठमोठ्या माणसांना सापडली नव्हती, ती त्यानं पाच मिनिटांत बाहेर काढली. मला अभिमान वाटला.

"यंत्राचा दोष न्हाई," तो म्हणाला. "बारीक सुतावर बसवल्याला माग जाड सुतावर चालवला की कापड खराब निघतंय. लोकं मागाला शिव्या देत्यात."

"आणि माझा?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "तुला मी बरा व्हायला हवा हुतो," तो म्हणाला. "त्यात काय दोष?"

ते मला अजून पेलत नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या होत्या. वहिनींनी केल्या नाहीत. त्यांना कागद वाचून दाखवला, समजावलं, पुन्हा पुन्हा समजावलं. "पंच टीबी म्हनलाय," एवढंच त्या म्हणायच्या. पेढे वाटलेले होते. रोज सकाळी त्या तळहातावर गोळ्या घेऊन उभ्या राहायच्या. मी दादाला विचारलं, का घेतोस? "तिच्यासाठी," तो म्हणाला. "तेवढं तरी माझ्या हातात हाय."

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी नऊच्या सुमाराला, दादा घरीच गेला. पट्ट्यांचं बोचकं उशाशी होतं.

दाखल्यावर मृत्यूचं कारण आपोआप छापून आलं, कारण ते सरकारी नोंदीवरून येतं. टीबी. मी आणि डॉक्टर कुरण्यांनी मिरजेचा कागद जोडून जिल्ह्याला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं, की पत्र मिळालं. ऑगस्टमध्ये कुरण्यांची बदली झाली. पत्रांमुळे झाली असं मी म्हणणार नाही, मला माहीत नाही.

आणि माझ्या टेबलावर दादाची नोंद उघडी होती. पंचाला पुढे काय झालं ते कळवायचं काम माझं. पडद्यावर चारच पर्याय असतात. बरा झाला. औषध सोडलं. दुसऱ्या जिल्ह्यात गेला. टीबीने मृत्यू. निदान चुकलं, असा पर्याय नाही. पंच बनवणाऱ्यांना तो सुचला नसेल, किंवा आधी होता आणि लोक तो आळसानं दाबतात म्हणून काढला असेल. मी विचारून बघितलं, कुणी सांगितलं नाही.

मी ती नोंद तशीच ठेवली. दहा दिवस, वीस दिवस. सव्विसाव्या दिवशी पंचावर पिवळा दिवा लागला. तीस दिवसांत नोंद पुरी झाली नाही तर यंत्र थांबतं आणि नवे संच येत नाहीत. वॉर्डात त्या दिवशी छातीत पाणी झालेले पाच जण होते. त्यातल्या कुणाला पंच बरोबर सांगणार होता, कुणाला चूक, मला माहीत नव्हतं. पण पंचाशिवाय त्यांना कुणीच काही सांगणार नव्हतं, कारण सांगणारं माणूस आम्ही तीन वर्षांपूर्वीच घालवलं होतं.

मी चौथ्या पर्यायावर बोट ठेवलं. खाली माझी सही उमटली.

पंचानं ती नोंद घेतली आणि शिकला. यंत्रमागावर काम करणारा, छप्पन ते साठ वयाचा, अशा प्रकारचं पाणी: टीबी म्हटलं होतं, टीबीनंच गेला. म्हणजे आपलं बरोबर. महिनाअखेरीच्या अहवालात आमच्या तालुक्याची अचूकता एका आकड्यानं वाढली आणि वरून अभिनंदनाचा संदेश आला. माझ्या भावाची साक्ष काढून पंच आणखी शहाणा झाला.

गेल्या सोमवारी खिडकीशी शालन म्हणून एक बाई आली. चाळिशीची, हातांना सुताचे काप. बाटली पदराखाली. नवरा यंत्रमागावर.

"ताई, टीबीच निघू दे म्हना," ती म्हणाली.

पाण्याच्या तळाशी तांबूस झाक होती. मी ते पेटीत घातलं आणि उरलेल्या थेंबांची काच केली. आता मी प्रत्येकाची करते. दुर्बिणीवरचं निळं कापड मी फाडून फडक्याला घेतलं आहे. काचेवर गोल, गुळगुळीत कडांचे गोळे होते, एकमेकींना धरून बसलेल्या पेशींचे.

टिंग वाजली. टीबी. खात्री सत्त्याण्णव.

शालन रडायला लागली. मी तिला बाकावर बसवलं आणि शेजारी बसले. या वेळी मी गप्प राहणार नव्हते.

"शालनबाई, माझं ऐका. मालकांना मिरजेला न्या. छातीच्या अस्तराचा तुकडा काढून तपासून घ्या. आजच न्या."

तिनं डोळे पुसले. "का? टीबी हाय म्हनतोय न्हवं?"

"पंच चुकतो कधी कधी."

"कवा चुकलाय?" तिनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "कुनाच्या बाबतीत?"

"माझ्या भावाच्या. भूपाल. जॉबर होता."

तिच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. "भूपाल जॉबर? आमचे मालक आनि ते एकाच शेडात हुते की. ते तर टीबीनंच गेले. ऑगस्टात शेडात समद्यांच्या तपासन्या झाल्या, तवा टीबीच्या बाईंनी कागद दावला हुता. आमच्या मालकांनी वाचलाय." ती थांबली आणि माझ्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे बघितलं. "सही तुमचीच हुती न्हवं?"

"माझीच होती."

"मग?"

मी तिला समजावून सांगायला लागले. खण, पेशी, ओळखपरेड, चार पर्याय. माझा आवाज मलाच वेड्यासारखा ऐकू येत होता. ती शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेत होती, ज्याच्या घरात मयत झाली आहे त्या माणसाचं ऐकतात तशी. मग तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ताई, त्येंनी गोळ्या नीट घेतल्या नसतील," ती म्हणाली. "आमचे घेतील. मी सोता देनार रोज."

ती बाहेर जाऊन पेढे घेऊन आली. एक माझ्या हातात ठेवला, एक कागदावर ठेवून पंचापुढे ठेवला, आणि गोळ्यांच्या खिडकीकडे गेली.